पावडरवाले मामा

कारेगावात मी पहिल्यांदा खोली बघायला गेलो, तेव्हा मामांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, कुठल्या कंपनीत लागलास तेही विचारलं नाही. फाटकातच अडवून त्यांनी माझ्या डोक्यावरच्या गादीकडं निरखून बघितलं आणि म्हणाले, "ढेकूण हायेत का?"

"नाहीत," मी म्हणालो.

"समदी असंच म्हनत्यात. ढेकूण काय तोंडानं बोलतोय व्हय?"

काखेत धरलेल्या डब्यात त्यांनी हात घातला आणि मूठभर पांढरट भुकटी माझ्या गादीवर, ट्रंकेवर आणि जाता जाता माझ्याही अंगावर उधळली. जेजुरीला भंडारा उधळतात तशी, मनगटाला झटका देऊन. कुबट, जुनाट, घशात जाऊन बसणारा वास सुटला. मी शिंका देत उभा राहिलो.

"आता हो आत," मामा समाधानानं म्हणाले. "आता तू आपला झालास."

नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. रांजणगावच्या एका कारखान्यात पेंटशॉपला माझं काम लागलं होतं आणि कारखान्यांच्या आसऱ्यानं कारेगावात पत्र्याच्या खोल्यांच्या ओळी उभ्या राहत होत्या. मामांची ओळ त्यातलीच. मामा जातिवंत मेंढपाळ. पण निम्मं रान एमआयडीसीत गेलं, चरायला माळ उरला नाही, तेव्हा मेंढरं विकून त्यांनी खोल्या बांधल्या. धोतर, डोक्याला तांबडा पटका आणि पायात कुणी भाडेकरू नोकरी सोडताना ठेवून गेलेले, पुढं लोखंडी टोपण असलेले सेफ्टी शूज. हातात काठी. मेंढरं गेली तरी वळवायची सवय गेली नव्हती. सकाळी पाण्याच्या टाकीपाशी भाडेकरूंची झुंबड उडाली की मामा जिभेनं टाळूवर असा काही टक्कारा काढायचे, की लातूरकडची आडदांड पोरंसुद्धा नकळत रांगेत सरकायची.

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. गावावरून हाक. मी 'दौंड'. शेजारच्या खोलीतला वेल्डर 'गोरखपूर'. तो सुरुवातीला मलाही नाव आहे म्हणून चिडायचा, "मामा, हमरो नाम बा!" मामा म्हणायचे, "असंल की. पर तुझ्या नावाची धा मानसं असतील. गोरकपूर हितं एकच हाय."

त्यांची सारी श्रद्धा त्या डब्यावर. बीएचसी पावडर असं तिचं कागदावरचं नाव, मामा नुसतं 'पावडर' म्हणत, आपण 'देव' म्हणावं तशा सुरात. त्यामागं कारणही होतं. तरुणपणी त्यांच्या कळपाला गोचिडांनी असं गाठलं होतं की कोकरं रक्त आटून माना टाकत होती. कुणा जनावरांच्या डॉक्टरनं तेव्हा ही पावडर दिली. चार दिवसांत गोचिडं खळाखळा गळून पडली. "हिनं माझा कळप वाचिवला," असं ते सांगायचे तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी असायचं, आणि ते पाणी खरं असायचं. फक्त त्या दिवसानंतर मामांनी जगातल्या बाकी सगळ्या औषधांवरचा विश्वास काढून घेतला.

खाटेखाली पावडर. गव्हाच्या पोत्यात पावडर. उंबऱ्याला पांढरी रेघ, मोरीला पांढरी रेघ. वांग्यावर पावडर, गवारीवर पावडर. कोंबडी खुडूक बसली, टाक पावडर. एकदा गोरखपूरला फणी मागताना बघितलं आणि तो अंघोळीला बसल्याबरोबर मामा डबा घेऊन त्याच्या डोक्यामागं उभेच राहिले. तो बिचारा साबण लावलेल्या अंगानं हायवेपर्यंत पळाला.

पावडर यायची त्या पोत्यावर ठळक अक्षरांत 'विष' छापलेलं असायचं. मी एकदा ते दाखवलं.

"ते किड्यास्नी लिवलंय," मामा म्हणाले. "तू किडा हायेस का?"

"मामा, पण किती टाकायची याला काही माप?"

"वास आला म्हंजी माप झालं."

हे त्यांचं आवडतं वाक्य होतं आणि सगळी गडबड त्यातच होती, पण ती मला कळायला वर्ष गेलं.

झालं असं, की एका सकाळी मामा नेहमीसारखे खोल्यांतून पावडर मारत आले आणि मला शिंक आली नाही. वासच नव्हता. मी म्हणालो, "मामा, आज पावडर वेगळी आहे का? वास येत नाही."

मामांनी चिमूट नाकाशी नेली, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला. "येत न्हाई कसा? चांगला झनझनीत येतुया."

त्यांच्या मागं दारात मामी उभ्या होत्या. त्यांनी मला बघून ओठांवर बोट ठेवलं.

मामी बुटक्या, काटक, बोलायला कमी. मामा स्टँडवर गप्पा हाणायला गेल्यावर मी त्यांना गाठलं. त्या चुलीतली राख फडक्यातून चाळत बसल्या होत्या. शेजारी मामांचा डबा.

"थोडा चुना बी घालावा लागतोय," त्या म्हणाल्या. "रंग जमाया पायजे ना."

"आणि मामांना वास कळत नाही?"

"ह्यांचं नाक कवाच गेलं बाबा. दूध करपलं तरी कळत न्हाई. वास येईस्तवर टाकायची म्हनत्यात, आन् वास तर काय येत न्हाई. मंग टाकतच ऱ्हात्यात."

खरी पावडर मामी पत्र्याच्या डब्यांत घट्ट झाकून जुन्या वाड्यामागं, मेंढरं बसायची तिथं, दडवून ठेवत होत्या. हे सगळं कशासाठी, तर लेकीसाठी. लेक वडगाव रासाईला दिलेली. तिचा पोरगा रांगायला लागला होता. मागच्या खेपेला तो उंबऱ्याच्या पांढऱ्या रेघेवर हात थापटून बोटं चोखत बसला, ओकला, आणि तिनं त्याच दिवशी पिशवी भरली. जाताना बापाला नाही, आईला सांगून गेली, "त्या रेघा हायेत तवर मी लेकराला घिऊन यायची न्हाई."

"मग ढेकणांचं काय करता?" मी विचारलं. कारण वर्षभरात मला एकही ढेकूण चावला नव्हता.

मामी पहिल्यांदा हसल्या. "तुमी कामावर गेल्याव बघायला कोन असतंय?"

पुढच्या सुट्टीला बघितलं. भर उन्हात गाद्या पत्र्यावर टाकून त्या दोन्ही बाजूंनी भाजून काढत. खाटा मोकळ्या करून सांध्यासांध्यांत उकळतं पाणी ओतत. भिंतीतल्या फटी चुन्यानं लिंपत. खाटेचे पाय तेल घातलेल्या वाट्यांत. धान्य कडकडीत वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून, घट्ट झाकणाच्या कोठीत. त्या दिवसापासून गोरखपूर आणि मी त्यांच्या हाताखाली लागलो. मामा संध्याकाळी येऊन गादी उलटीपालटी करत, ढेकूण सापडत नसे, आणि मिशीला हात लावून म्हणत, "बगा! पावडर!"

आम्ही तिघं एकमेकांकडं न बघता मान हलवायचो.

मग पुढच्या वर्षी सरकारनं त्या पावडरीवर बंदी आणली. शिरूरच्या दुकानदारानं मामांना पोतं द्यायला नकार दिला. मामा तिथंच दुकानाच्या पायरीवर बसले. घरी आले तर चेहरा असा, की मामींना वाटलं कुणी गेलं. दोन दिवस जेवले नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी कुठून तरी बातमी काढली, की दौंडला एकाच्या गोदामात जुना माल पडून आहे.

"ए दौंड! सुट्टीला घरी जानार हायेस नव्हं? म्या बी येतो."

येताना आम्ही बरोबर होतो. दौंडच्या दुकानदारानं पोतं मागच्या दारानं दिलं आणि म्हणाला, "बाबा, हे कुणाला दाखवू नका." मामांनी लगेच युक्ती काढली. पिठाच्या गिरणीतून एक कोरं पोतं मागून आणलं आणि रस्त्याच्या कडेला बसून सगळी पावडर त्यात ओतली.

"मामा, अहो, वर 'विष' लिहिलंय ते तरी राहू द्या!"

"कंडक्टरला वाचाया येतंय," मामा म्हणाले.

दौंड-शिरूर एसटीत कंडक्टरनं पोत्याला पाय लावला. "काय आहे यात?"

"पीठ."

"कसलं?"

"जवारीचं."

"पिठाला असला वास?"

"जुनी जवारी हाय."

"किती जुनी?"

"माज्या लग्नातली," मामा म्हणाले, आणि सगळी गाडी हसली. कंडक्टरलाही हसू आवरेना, त्यानं घंटी मारली. पण न्हावऱ्यापर्यंत मागच्या बाकांवरची माणसं एकेक करून पुढं सरकली, आणि एवढ्या मोठ्या गाडीत मागं आम्ही दोघं आणि ते पोतं उरलो. मामा पाय पसरून म्हणाले, "बग, बसायला कशी मोकळीक झाली."

त्याच आठवड्यात मामी वडगावला गेल्या. लेकीचं दुसरं बाळंतपण. राख चाळणारं कुणी उरलं नाही. खोल्यांतून पुन्हा तोच वास यायला लागला. मामांनी ते पोतं सैपाकघरात, पिठाच्या पोत्याशेजारी ठेवलं होतं, उंदीर लागू नयेत म्हणून. मी दोनदा सांगितलं, तिथून हलवा. मामा म्हणाले, "घरात म्या एकलाच. मला ठावं हाय कशात काय हाय."

भाकरी मामा झकास करायचे. रानोमाळ हिंडलेला माणूस, तीन दगडांवर तवा ठेवून थापलेल्या भाकरीची सवय. एका दुपारी पहिली पाळी संपवून गोरखपूर आणि मी आलो, तर मामांनी हाकच मारली, "या रे, गरम भाकर हाय, लसनाची चटनी हाय." मी कँटीनमध्ये जेवून आलो होतो, म्हणून नुसता टेकलो. गोरखपूरनं ताट ओढलं, भाकरी मोडली, नाकाशी नेली आणि खाली ठेवली.

"मामा, रोटी से दवाई की बास आवत है."

"काय म्हनतोय ह्यो?"

"भाकरीला पावडरचा वास येतोय म्हणतो," मी सांगितलं. मला खरं तर त्या घरात सगळ्यालाच तो वास येत होता.

मामांचा चेहरा पडला. मग लाल झाला. "माज्या भाकरीला नाव ठिवतोस? आरं, ह्या भाकरीपाई मानसं दोन कोस चालत यायची." आणि रागानं त्यांनी गोरखपूरच्या पुढची भाकरी ओढली, आपली संपवली, त्याचीही संपवली. चटणी पुसून खाल्ली. वर पाणी पिऊन ढेकर दिला, आमच्याकडं बघून.

मी परातीकडं बघितलं. भाकरी थापताना खाली भुरभुरायला पीठ घेतात, ते परातीच्या कडेला उरलं होतं. ते जरा जास्तच पांढरं होतं.

बोट लावून वास घेतला. तोच कुबट वास. "मामा, हे कुठल्या पोत्यातलं?"

मामा आधी परातीकडं, मग कोपऱ्यातल्या दोन्ही पोत्यांकडं बघायला लागले. कुठलं पोतं जवळ होतं, हात कुठं गेला, हे त्यांना आठवत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. "असू दे," ते शेवटी म्हणाले. "पोटातलं जंत मरतील."

आम्ही दवाखान्यात चला म्हणून हात जोडले, ते हलेनात. वाद घालण्यात वेळ गेला. मग त्यांना उलटी झाली. मग हात थरथरायला लागले, आधी बोटं, मग खांदे. आणि तो सहा फुटी माणूस ओट्यावरून खाली कोसळला आणि झटके द्यायला लागला. दातखीळ बसली. शेजारची एक बाई धावत वाटीत तूप घेऊन आली, "पाजा, पाजा, ईष उतरतंय!" पण दातच उघडेनात. गोरखपूरनं मामांना कुशीवर वळवून डोकं मांडीवर धरलं, मी रस्त्यावर जाऊन दुधाचा टेम्पो अडवला. शिरूरपर्यंत कॅनच्या मधोमध मामांना धरून आम्ही बसलो. गोरखपूर सबंध वाटेत एकच बोलत होता, "हम खा लेते तो? मामा, हम खा लेते तो?"

डॉक्टरांनी झटके थांबायचं इंजेक्शन दिलं, पोट धुतलं. मग बाहेर येऊन विचारलं, "दूध-तूप काही पाजलंत?"

"नाही. दातखीळ होती."

"दातखिळीनं वाचवलं म्हणा. ही पावडर तुपात विरघळते. तूप गेलं असतं तर आणखी लवकर भिनली असती. यावर उतारा असा नसतोच." मग चष्मा पुसत म्हणाले, "आणि ती अंगातून लवकर जात नाही. चरबीत बसून राहते, वर्षानुवर्षं."

मामा दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आले. पहिल्यांदा डॉक्टरांना म्हणाले, "पावडर अस्सल हाय, बगा." डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेले.

वडगावहून मामी आल्या. रडल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या, पदरानं मामांचं तोंड पुसलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. राख, चुना, वाड्यामागं दडवलेले डबे, सगळं. मी दारात उभा होतो, निघून जावं की थांबावं कळेना.

मामा कोपरावर रेलून उठले. विष खाल्ल्याचं त्यांना एवढं लागलं नव्हतं.

"म्हंजी म्या सालभर राख उधळीत हुतो?"

"व्हय."

"मंग ढेकूण कुनी मारलं?"

"म्या मारलं," मामी म्हणाल्या.

मामांनी तोंड भिंतीकडं केलं. तिकडूनच विचारलं, "कशानं?"

"उनानं. आन् उकळत्या पान्यानं."

"उनानं!" मामा म्हणाले. एवढंच. पण तो शब्द त्यांनी असा चघळला की मला भीती वाटायला लागली.

भीती खरी ठरली. मामा घरी आले ते उन्हाचे भक्त होऊन. दर सुट्टीच्या दिवशी सूर्य वर आला की काठीनं पत्रे बडवत फिरायचे. "गाद्या भाईर! ए लातूर, ऊठ! ऊन चाललंया!" रात्रपाळी करून आलेली पोरं झोपेत गादीसकट बाहेर ओढली जायची. खाटांवर एवढं उकळतं पाणी ओतलं गेलं की निम्म्या खाटांचे सांधे सुटले. कुणी कुरकुरलं तर मामा दरडावायचे, "तुमास्नी पावडर पायजे व्हय? फुकट मराया?" जणू पावडरीचं खूळ आमचंच होतं. लेक दोन्ही पोरं घेऊन आली तेव्हा मामांनी उंबरा स्वतः खरवडला, अंगण धुतलं, पुन्हा धुतलं. रांगणारा आता चालत होता. तो आजोबाच्या सेफ्टी शूजमध्ये पाय घालून अंगणभर पडत-उठत फिरला आणि मामा त्याच्यामागं वाकून, दोन्ही हात पसरून.

राहिलं ते पोतं. दौंडच्या दुकानदारानं ओळखच दाखवली नाही. शेतीच्या हापिसात मामांना म्हणाले, आमच्याकडं परत घ्यायची सोय नाही. रानात पुरावं तर खाली विहीर. वडगावला जाऊन भीमेत सोडावं असं मामांच्या मनात आलं, पण लेक म्हणाली, "आबा, आमी तेच पानी पितो." मामा पोतं घेऊन माघारी आले. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून, वर पत्रा झाकून ते वाड्यामागं ठेवलं आणि मला रंगाची डबी आणायला लावून पत्र्यावर मोठ्ठं 'विष' लिहून घेतलं. "आता कंडक्टरला वाचू दे," म्हणाले.

आमच्या पेंटशॉपचा गाळ पिंपांत भरून घातक कचऱ्याच्या जागी जायचा. मी आमच्या सेफ्टीच्या साहेबांना सांगून बघितलं. साहेब तरुण, पुण्याचे, फार सरळ माणूस. त्यांनी वर विचारलं, पुष्कळ दिवस घालवले, आणि एकदाची परवानगी काढली. गाडी यायच्या दिवशी मामा आणि मामी गोरखपूरच्या मागं मोटारसायकलवर तिघं बसून कारखान्याच्या गेटवर हजर. पोतं आणि मामींचे सगळे डबे आधीच टेम्पोनं आले होते.

साहेबांनी हातमोजे, मास्क घालून घेतलेल्या माणसांकडून सगळं पिंपात ठेवून घेतलं, झाकण आवळलं. मामा जवळ जाऊन बघत होते.

"सायेब, कुटं नेनार?"

"असल्या मालासाठी वेगळी जागा असते, मामा. भट्टीत जाळतात, नाहीतर खाली जाड प्लास्टिक घालून बंद खड्ड्यात ठेवतात. जमिनीत, पाण्यात उतरू देत नाहीत."

"कवापर्यंत?"

"कायमचं."

मामांनी मान हलवली. मग पटका काढून हातात घेतला आणि म्हणाले, "मंग आजून एक पीप आना."

"का?"

"मला घाला त्यात. डाक्टर म्हनलाय, ती अंगात बसून ऱ्हाती. तुमच्या पिपात नसंल एवढी माज्यात हाय. उद्या म्या मेलो तर ही मानसं मला रानात न्हेऊन जाळतील. समदा धूर गावात."

साहेब गंभीरपणे विचारात पडले. खरंच पडले. "मामा," ते म्हणाले, "तिथं माणसं घेत नाहीत."

गेटवरचे सगळे हसले. सिक्युरिटीवाले हसले, पिंप ढकलणारे मास्कच्या आत हसले, मी हसलो, गोरखपूरला निम्मंच कळलं तरी तो सगळ्यांत जोरात हसला. मामाही हसले, मिशी थरथरेपर्यंत.

मामी हसल्या नाहीत. त्या गर्दीतून पुढं आल्या. चार माणसांत नवऱ्याच्या शेजारी कधी उभं न राहिलेली ती बाई, तिनं मामांचं मनगट घट्ट धरलं.

"चला घरी," त्या म्हणाल्या.

मामांचं हसू थांबलं. त्यांनी त्या हाताकडं बघितलं, मग आमच्याकडं, जरा लाजल्यासारखं. मनगट सोडवून घेतलं नाही. मोटारसायकल तिथंच उभी राहिली आणि ती दोघं तशीच हायवेच्या कडेनं कारेगावाकडं चालत निघाली.